कृत्रिम सूर्य आणि केसाएवढी चीर

वसईत खाडीच्या किंवा समुद्राच्या बाजूला घर असले की खिडकीचे ग्रिल, दाराची कडी आणि एसीची बाहेरची पेटी चार पावसाळ्यांत खाऱ्या हवेपुढे हात टेकतात. स्टेनलेस स्टीलचे रेलिंगही नावाला जागत नाही. आधी तपकिरी ठिपके दिसतात, मग ठिपक्यांच्या जागी खळगे. म्हणून वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांमध्ये काम करणाऱ्या फॅब्रिकेटरला 'तीनशे चार' आणि 'तीनशे सोळा' या स्टीलच्या दोन प्रतींमधला फरक शिकवावा लागत नाही. दुसरी महाग, पण मिठाला जास्त दाद देत नाही. मिठातला क्लोरीन स्टेनलेस स्टीलवरचा पातळ संरक्षक थर फोडतो आणि आत शिरतो, एवढी साधी ती गोष्ट आहे.

याच क्लोरीनने जगातल्या सर्वांत महागड्या विज्ञान प्रकल्पांपैकी एकाला काही वर्षे मागे खेचले आहे.

दक्षिण फ्रान्समध्ये कादाराश येथे 'आयटर' हे अणुसंमीलनाचे, म्हणजेच फ्यूजनचे, प्रायोगिक यंत्र उभे राहत आहे. युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि भारत असे सात भागीदार त्यात आहेत. हायड्रोजनची जड भावंडे, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम, सुमारे १५ कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची, त्यांची केंद्रके एकमेकांत मिसळवायची आणि सूर्याच्या पोटात घडते तसे काही पृथ्वीवर घडवून दाखवायचे, हा त्याचा हेतू. वीज विकणे हा नाही. हे प्रयोगाचे यंत्र आहे आणि पुढचे सगळे कळण्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवणे गरजेचे आहे.

एवढा तप्त वायू, म्हणजे प्लाझ्मा, कुठल्याही भांड्यात मावत नाही. तो चुंबकांच्या अदृश्य पिंजऱ्यात अधांतरी धरावा लागतो. हे चुंबक अतिवाहक असतात आणि त्यांना उणे २६९ अंशांच्या आसपास ठेवावे लागते. थोडक्यात, विश्वातल्या अतितप्त आणि अतिथंड अशा दोन गोष्टी काही मीटरच्या अंतरावर शेजारी शेजारी नांदवायच्या. मध्ये आडोसा हवाच. तो आडोसा म्हणजे उष्णतारोधक कवच. चहाच्या थर्मासची आतली काच चंदेरी असते, ती उष्णता परत फिरवण्यासाठी. आयटरच्या कवचालाही चांदीचा मुलामा दिलेला होता, आणि त्याच्या पोलादी पत्र्यांवर एकूण सुमारे २३ किलोमीटर लांबीचे बारीक पाइप वेल्डिंग करून बसवलेले होते. त्या पाइपांतून थंड हेलियम फिरवून कवच उणे १९० अंशांच्या जवळ ठेवायचे अशी ती रचना.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये कवचाच्या एका भागात हेलियमची गळती आढळली. पाइप कापून पाहिल्यावर चिरा दिसल्या, काही ठिकाणी २.२ मिलिमीटर खोल. कारण शोधताना बोट क्लोरीनपाशी थांबले. निर्मितीच्या वेळच्या प्रक्रियेतले त्याचे अवशेष पाइप आणि पत्रा यांच्या वेल्डजवळच्या बारीक खाचांत अडकून राहिले होते. पाइप वाकवताना आणि जोडताना धातूत ताण राहिलेला होताच. ताण आणि क्लोरीन एकत्र आले आणि यंत्र एकदाही सुरू न होता, गोदामात पडल्या पडल्या धातू तडकत गेला.

या दुखण्याला 'ताण-क्षरण भेग' म्हणता येईल. ते होण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी जमाव्या लागतात: दाद देणारा धातू, त्यात अडकलेला ताण आणि भोवतालचे चावरे रसायन. यातली एक काढून घेतली तर चीर पडत नाही. हे त्रिकूट ध्यानात ठेवायला हवे, कारण विरारहून डहाणू लोकल पकडली की तासाभराच्या आत जिथे पोहोचता येते त्या बोईसरच्या पलीकडे, तारापूरच्या अणुवीज केंद्रातही हेच त्रिकूट भेटते. पण आधी फ्रान्समध्ये काय निर्णय झाला ते पाहू.

गळतीचा अर्थ उमगेपर्यंत आयटरची जुळणी पुढे गेली होती. मे २०२२ मध्ये यंत्राच्या नऊ मोठ्या खंडांपैकी पहिला, निर्वात पात्राचा एक भाग, त्याचे दोन चुंबक आणि हे कवच असा मिळून सुमारे १३५० टनांचा डोलारा, खड्ड्यात उतरवूनही झाला होता. त्यात दुसरी अडचण निघाली. निर्वात पात्राच्या खंडांच्या कडा ठरलेल्या मापात नव्हत्या. हे खंड एकमेकांना वेल्डिंगने जोडायचे असल्याने कडांमध्ये काही मिलिमीटरची तफावतही चालण्यासारखी नव्हती. फ्रान्सच्या अणुसुरक्षा नियामकाने २०२२ च्या सुरुवातीलाच जोडकामाला पुढे जाऊ दिले नव्हते.

नवीन फ्लॅटची लादी बसवून झाली, रंग झाला आणि मग खालून पाइप ठिबकतो असे कळले, तर घरमालकापुढे जे दोन पर्याय असतात तेच इथे होते. वरच्या वर ठिगळ लावा, नाहीतर लादी उखडा. आयटरने लादी उखडली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दोष जाहीर करण्यात आले आणि जुलै २०२३ मध्ये तो १३५० टनांचा खंड खड्ड्यातून पुन्हा वर काढण्यात आला. कवचाचे पाइप काढून नवे बसवण्याचे ठरले. खंडांच्या कडांवर जिथे धातू कमी होता तिथे वेल्डिंगने भर घालायची आणि जास्त होता तिथे तो तासून काढायचा, असे काम सुरू झाले.

कवचाच्या दुरुस्तीच्या कामात भारतातली, गुजरातेत कारखाने असलेली आयनॉक्ससीव्हीए ही कंपनीही आहे. आयटरला अतिथंड द्रव वाहून नेणाऱ्या वाहिन्या तिने आधी पुरवल्या होत्या. भारताचा आयटरमधला वाटा सुमारे ९ टक्के, तोही बहुतांशी रोख पैशांत नव्हे तर प्रत्यक्ष वस्तूंच्या रूपात. त्यातली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे क्रायोस्टॅट: संपूर्ण यंत्राला पोटात घेणारे, जवळपास ३० मीटर उंच आणि तितकेच रुंद, ३८०० टनांचे पोलादी पिंप. ते लार्सन अँड टुब्रोने सुरतजवळ हजिऱ्यात तुकड्यातुकड्यांनी बनवले आणि जहाजाने फ्रान्सला पाठवले. वसई-विरारमधून जाणारा महामार्ग आणि पश्चिम रेल्वेचा रूळ उत्तरेकडे धरून निघाले तर तारापूर, हजिरा आणि गांधीनगर अशी भारतातल्या अणुयंत्रांची तीन महत्त्वाची ठिकाणे साधारण एकाच वाटेवर लागतात.

या दुरुस्तीची किंमत लहान नाही. आयटरचा पहिला प्लाझ्मा डिसेंबर २०२५ मध्ये मिळेल असे आधीचे वेळापत्रक होते. जुलै २०२४ मध्ये नवे जाहीर झाले: संशोधनाला सुरुवात २०३४, चुंबकांची पूर्ण ताकद २०३६ आणि ड्यूटेरियम-ट्रिटियमचे खरे प्रयोग २०३९. जादा खर्च सुमारे ५ अब्ज युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने ४५ हजार कोटी रुपयांच्या आसपास. हा सगळा भार काही पाइपांनी आणलेला नाही. करोनाची साथ, पहिल्यांदाच बनणाऱ्या भागांची दिरंगाई आणि मुळात फार आशावादी आखलेले वेळापत्रक यांचाही त्यात वाटा आहे. दोष सापडण्याच्या आधीच ती तारीख हुकणार हे उघड दिसत होते. दुरुस्तीने ते कबूल करायला निमित्त दिले, असेही म्हणता येईल.

मग हे अपयश का? फ्यूजन नेहमीच तीस वर्षे दूर असते, हा विनोद अशा वेळी हटकून ऐकू येतो. त्यात तथ्य आहेच. पण उशीर नक्की कशाने होतो हे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. प्लाझ्मा कसा वागतो हे कोडे शास्त्रज्ञांनी बरेचसे उलगडले आहे. इंग्लंडमधल्या 'जेट' या यंत्राने ऑक्टोबर २०२३ मध्ये ६९ मेगाज्युल ऊर्जा निर्माण करून दाखवली. यंत्रे अडतात ती वेल्डवर, विजेच्या जोडावर, पाइपात आणि विद्युतरोधक पट्टीत. जपानच्या 'जेटी-६०एसए' या यंत्राची मार्च २०२१ मध्ये चाचणी चालू असताना एका चुंबकाच्या जोडाजवळचे रोधक आवरण कमी पडले, ठिणगी उडाली आणि हेलियमची गळती झाली. जोड नव्याने मजबूत करून यंत्र सुरू व्हायला २३ ऑक्टोबर २०२३ उजाडला. दोषाची जागा बोटाएवढी होती, तिने वेळ मात्र अडीच वर्षांचा घेतला.

गांधीनगरजवळ भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेचा अनुभव याहून निराळा नाही. तिथले 'एसएसटी-१' हे अतिवाहक चुंबकांचे भारतीय यंत्र १९९० च्या दशकात मंजूर झाले, जोडले गेले आणि थंड करायला घेतल्यावर गळतीने अडले. शेवटी २००९ पासून ते सुटे करून पुन्हा उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. मुख्य चुंबकाच्या १६ वेटोळ्यांपैकी प्रत्येक वेटोळे यंत्रात बसवण्याआधी वेगळे थंड करून, वीज सोडून तपासले गेले. जोड नव्या पद्धतीने केले. उष्णतारोधक कवचही नव्याने घडवले. २० जून २०१३ रोजी त्यात पहिला प्लाझ्मा मिळाला. त्याच संस्थेतले १९८९ सालचे 'आदित्य' हे जुने यंत्रही पुढे आतून पालटले आणि डिसेंबर २०१६ मध्ये 'आदित्य-यू' म्हणून पुन्हा चालू झाले.

एसएसटी-१ ची ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. सांगितली तरी 'विलंब' या एका शब्दात आटोपते. पण आयटरने २०२४ च्या नव्या आराखड्यात जे बदल केले त्यात एक आहे काही मोठे चुंबक यंत्रात बसवण्याआधी थंड करून तपासण्याचा. आधीच्या आराखड्यात वेळ वाचवण्यासाठी ही पायरी गाळलेली होती. भाटच्या अभियंत्यांना जो धडा हात पोळून मिळाला, तोच कादाराशला काही वर्षांनी गिरवावा लागला. अशा यंत्राची दुरुस्ती म्हणजे संशोधनातला खंड नसतो. ते संशोधनच असते.

आता तारापूर. तिथे फ्यूजन नाही, उलट प्रक्रिया आहे: युरेनियमची केंद्रके फोडून उष्णता मिळवायची. तिथले पहिले दोन संच, म्हणजे युनिट, २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी वीजनिर्मितीत आले. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचा हा उकळत्या पाण्याचा अणुभट्टी प्रकार. प्रत्येकी २१० मेगावॉट क्षमता पुढे १६० मेगावॉटवर आणावी लागली. नंतर शेजारी प्रत्येकी ५४० मेगावॉटचे स्वदेशी बनावटीचे आणखी दोन संच आले, ते वेगळ्या प्रकारचे.

उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांत पाणी फिरवणारे जाड स्टेनलेस स्टीलचे पाइप असतात. त्यांच्या वेल्डजवळ काय होते? वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाच्या कणांच्या सीमेवरचे क्रोमियम कार्बनशी बांधले जाते आणि तिथे संरक्षण तोकडे पडते. जोडकामाचा ताण असतोच. वरून २८० अंशांच्या आसपास तापलेले, प्राणवायू विरघळलेले पाणी वर्षानुवर्षे वाहते. झाले ते त्रिकूट पूर्ण. फक्त क्लोरीनच्या जागी प्राणवायू. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या नाइन माइल पॉइंट या तारापूरच्याच वयाच्या अणुभट्टीत १९८२ मध्ये अशा चिरा सापडल्या आणि पाइप बदलावे लागले. त्यानंतर जगभर अशा भट्ट्यांत 'तीनशे चार'ऐवजी कमी कार्बनचे 'तीनशे सोळा' वापरण्याकडे कल वाढला. वसईच्या रेलिंगचा आणि अणुभट्टीच्या पाइपचा हिशेब इतका जवळचा आहे. तारापूरचे हे दोन संच २००५-०६ मध्ये सुरक्षाव्यवस्था सुधारण्यासाठी थांबवले होते आणि २०२० मध्ये पुन्हा मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवण्यात आले. हे पाइप बदलणे त्यातले मुख्य काम.

दोन्ही ठिकाणचे दुखणे एकाच घराण्यातले, पण उपचार करणाऱ्याच्या अंगाला लागणारी झळ वेगळी. हा फरक आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. आयटरमध्ये अजून अणुप्रक्रियाच झालेली नाही. त्यामुळे वेल्डर साध्या कपड्यांत, हातात टॉर्च घेऊन खंडाच्या आत उतरू शकतो, चुकला तर पुन्हा करू शकतो. पन्नास वर्षे चाललेल्या अणुभट्टीत तसे नाही. पाइपांच्या आतल्या पृष्ठभागावर किरणोत्सारी थर बसलेला असतो. अशा कामात तो आधी रसायनांनी धुवावा लागतो, शिशाचे आडोसे लावावे लागतात, आणि प्रत्येक कामगार किती मिनिटे कुठे उभा राहिला याची नोंद ठेवावी लागते. भारतात अशा कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट एवढ्या मात्रेची मर्यादा आहे. कुशल वेल्डरची मर्यादा भरली की काम अर्धवट असले तरी त्याला बाहेर यावे लागते. साध्या कारखान्यात आठवड्याचे काम इथे महिने घेते ते यामुळे, आणि ते तसेच व्हायला हवे.

आयटरलाही ही वेळ येणार आहे. २०३९ नंतर ट्रिटियमचे प्रयोग सुरू झाले की वेगवान न्यूट्रॉन आतले पोलाद किरणोत्सारी करतील. फ्यूजनमध्ये अणुभट्टीसारखी साखळी प्रक्रिया नसते, ती बेफाम होण्याचा धोका नसतो, हे खरे. पण यंत्राच्या पोटात माणसाला जाता येणार नाही, हेही तितकेच खरे. तिथली कामे यंत्रहातांनी, बाहेर बसून करावी लागतील. जेटमध्ये १९९८ साली आतला तळभाग असाच माणूस न पाठवता बदलला गेला आणि २००९ ते २०११ या काळात तिथली भिंत यंत्रहातांच्या मदतीने नवी झाली. पण फरशा बदलणे वेगळे आणि चुंबक व पात्र यांच्या मधल्या फटीतले २३ किलोमीटर पाइप बदलणे वेगळे. ते काम यंत्रहातांच्याही आवाक्याबाहेरचे आहे. कवचातली गळती ट्रिटियम आत सोडल्यावर सापडली असती तर दुरुस्तीचा प्रश्नच उरला नसता. यंत्र जवळपास वाया गेले असते. म्हणून २०२२ ची लाज आणि खर्च दोन्ही स्वस्तात पडले असेच म्हणावे लागते.

नव्या आराखड्यातला आणखी एक बदल याच रांगेतला. आयटरच्या आतल्या भिंतीला बेरिलियमचे अस्तर द्यायचे ठरले होते. प्लाझ्माला ते मानवते, पण त्याची बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेली तर काहींना बरा न होणारा आजार जडतो. त्याच्यासाठी वेगळे कपडे, वेगळी हवा, वेगळी तपासणी लागते. आता अस्तर टंगस्टनचे होणार आहे. प्लाझ्मा सांभाळणे त्यामुळे काहीसे अवघड होईल. आत काम करणाऱ्यांची छाती मात्र सुरक्षित राहील.

पालघर जिल्ह्याला या सगळ्यात थेट रस असण्याचे कारण वेगळे आहे. केंद्र सरकारने २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुऊर्जेचे उद्दिष्ट २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले. ते गाठायचे तर नव्या भट्ट्यांइतकेच जुन्यांचे आयुष्य वाढवण्यावर विसंबावे लागेल. आयटरचे खरे प्रयोगच २०३९ चे असल्याने, फ्यूजनची वीज तारापूरच्या मदतीला वेळेवर येणार नाही हे उघड आहे. म्हणजे 'अजून किती वर्षे दुरुस्त करत राहायचे आणि कधी थांबायचे' हा प्रश्न तारापूरपुढे आहे आणि तो इथल्या लोकांपासून लांबचा नाही. प्रयोगाच्या यंत्राला तो इतका टोचत नाही; तिथे दोष सापडणे हेही उत्तरच असते. वीज केंद्राला असते वीज द्यायची, कामगारांची मात्रा मर्यादेत ठेवायची आणि शेजारच्या गावांचा विश्वासही.

त्या विश्वासाबाबत कादाराशकडून घेण्यासारखे काही आहे. आयटरने चीर किती खोल, कुठे, कशाने, हे स्वतःहून सांगितले. नाचक्की झाली, पण भागीदार देशांनी पैसे थांबवले नाहीत. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचे वार्षिक अहवाल निघतात, संसदेत उत्तरे दिली जातात. पण ती बोईसरच्या किंवा नालासोपाऱ्याच्या वाचकासाठी लिहिलेली नसतात. 'दुरुस्तीसाठी बंद' या दोन शब्दांत काय काय सामावले आहे, कोणता पाइप, कोणते पोलाद, किती कामगारांना किती मात्रा, हे साध्या मराठीत जिल्ह्यातल्या लोकांपर्यंत पोहोचवायला हवे.

कादाराशमध्ये एप्रिल २०२५ मध्ये दुरुस्त झालेला पहिला खंड खड्ड्यात उतरला. नऊही खंड बसले की ते एकमेकांना जोडायचे, मग हजिऱ्यात बनलेले क्रायोस्टॅटचे झाकण वर चढवायचे आणि आतली हवा काढून सगळे यंत्र पहिल्यांदा थंड करायचे. नवे पाइप धरतात की नाही हे तेव्हाच कळेल. तोवर ते झाकण तिथेच आवारात वाट पाहत आहे.